ईस्टरपुरतं घर

किसून गोबिन खोटं बोलला नव्हता. निदान सुरुवातीला तरी नाही. फोनवर तो डॉक्टर सीनाथना एवढंच म्हणाला होता, की ईस्टरच्या सुट्टीत टोबॅगोला आपलं घर आहे, तुम्ही सगळे या, मुलांच्या लग्नाची बोलणीही निवांत होतील. आपलं घर आहे म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने घेतलंय. कूवाच्या, म्हणजे त्याच्या गावच्या, बाजारात कुणालाही ते तसंच कळलं असतं. डॉक्टरांना तसं कळलं नाही. "तुमचं तिकडे घर आहे हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो आदर आला तो किसूनने याआधी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "या तर खरं."

त्याचं कूवाला हार्डवेअरचं दुकान होतं. बाप उसाच्या मळ्यात राबून गेलेला. दुकान किसूनने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. एकुलती एक मुलगी रोशनी औषधशास्त्र शिकली आणि तिथेच तिला एड्रियन सीनाथ भेटला. मुलगा गुणी होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण किसून आणि दुलारी पहिल्यांदा सीनाथांच्या घरी गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत पियानो होता, भिंतभर पुस्तकं होती, आणि डॉक्टरांची बायको मार्जरी इतक्या नाजूक कपांतून चहा देत होती की किसूनला आपली बोटं जाडी वाटायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून तो सिमेंटबद्दल बोलला. सगळ्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं. परत येताना गाडीत दुलारी म्हणाली, माणसं चांगली आहेत. किसूनच्या मनात मात्र त्या सभ्यपणाचा सल राहिला.

गुड फ्रायडेच्या सकाळी गोबिन मंडळी गाडीसकट बोटीने टोबॅगोला निघाली. दुलारीने आइसबॉक्स भरून बदकाची करी आणि डाळपुरीची चवड घेतली होती. सीनाथ विमानाने दुपारनंतर येणार होते. बोटीवर रोशनीने बापाला विचारलं, की एड्रियनच्या आईला असं का वाटतंय की ते घर आपलं आहे? किसून समुद्राकडे बघत म्हणाला, की वाटू दे, आपण काही तसं म्हटलेलं नाही.

"मग आज सांगून टाक, पप्पा."

"आल्या आल्या? पाहुणे उंबऱ्यात, आणि मी त्यांना भाड्याचं सांगत बसू? सांगेन सवडीने."

घर ब्लॅक रॉक गावाच्या वर, डोंगरउतारावर होतं. पांढऱ्या दगडी भिंती, पुढे पोहण्याचा तलाव, त्याच्या पलीकडे थेट समुद्र. मालकीण बार्बेडोसला राहायची. घर सांभाळायला आणि पाहुण्यांचा स्वयंपाक करायला मिस युलिन होती, गावातलीच, साठीकडे झुकलेली, अंगाने भरलेली, सावकाश बोलणारी बाई. तिने किल्ल्या हातात दिल्या, तलावाचा पंप कुठे, गॅसची टाकी कुठे ते सांगितलं. किसून ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. दुलारी आणि रोशनी सामान लावायला आत गेल्या तसा तो मिस युलिनच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. तिथे उभं राहून, फ्रिजच्या दाराशी चाळा करत, त्याने तिला सांगितलं की येणाऱ्या पाहुण्यांचा थोडा गैरसमज झालाय. मुलीच्या सासरची माणसं आहेत. हे घर माझंच आहे असं ते धरून चाललेत.

मिस युलिन मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"आणि तुम्हाला ते तसंच राहू द्यायचंय."

"सोमवारपर्यंतच," किसून म्हणाला. त्याचे कान तापले.

"हे बघा मिस्टर गोबिन, मी चर्चला जाणारी बाई आहे. खोटं बोलणार नाही. पण किल्ली तुमच्या खिशात आहे, म्हणजे सोमवारपर्यंत घर तुमचंच. आणि स्वयंपाकघरातल्या बाईला येऊन कोण विचारतंय घर कुणाचं म्हणून?"

ती हसली. किसूनला इतकं हलकं वाटलं की त्याने तिला मासे धुवायला पाणी काढून दिलं. मग ती म्हणाली की तिचंही एक काम आहे. तिच्या नवऱ्याला, अल्फर्डला, मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, डोकंही पूर्वीसारखं चालत नाही. एरवी शेजारीण बघते, पण ईस्टरला शेजारीणही आपल्या माणसांकडे गेली. तेव्हा उद्या तो मागच्या अंगणात बदामाच्या सावलीत बसला तर चालेल का? मालकीणबाईंची परवानगी आहे, पण राहणाऱ्यांना विचारलेलं बरं.

"अहो बसू द्या की," किसून म्हणाला. "आपलंच घर आहे."

दोघंही हसले.

सीनाथ आले आणि घर बघून खरोखर खूश झाले. मार्जरी या खोलीतून त्या खोलीत फिरली, पडद्यांना हात लावून पाहिला, म्हणाली की तुम्ही हे किती साधं आणि सुंदर ठेवलंय, दुलारी. दुलारीने नवऱ्याकडे पाहिलं. सांगायची वेळ असली तर हीच होती. किसून म्हणाला, "ती पडद्यांच्या बाबतीत फार चोखंदळ आहे," आणि त्या वाक्यानंतर परत फिरायला जागा उरली नाही.

एकदा तोंड उघडल्यावर पुढचं त्याला कुणी विचारायचीही गरज नव्हती. डॉक्टरांनी भिंतींच्या दगडांचं कौतुक केलं तर त्याने तो व्हेनेझुएलाहून आणल्याचं सांगितलं. घर बांधताना काय काय अडचणी आल्या, गवंडी कसे पळून गेले, तेही सांगितलं. आणि हार्डवेअरवाला असल्यामुळे ते पटण्यासारखं सांगता आलं. संध्याकाळी डॉक्टरांनी आणलेली वाईन उघडायची होती. किसूनने एक खण उघडला, त्यात चमचे. दुसरा उघडला, त्यात टेबलावरचे रुमाल. तिसऱ्यात मेणबत्त्या. मिस युलिनने काही न बोलता चुलीजवळच्या बरणीतून ओपनर काढून त्याच्या हातात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "मी जागा बदलली मिस्टर गोबिन, तुम्हाला सांगायचं राहिलं." डॉक्टर खिडकीतून समुद्र बघत होते.

निजताना दुलारीला दिवा बंद करायचा होता. तिने भिंत चाचपली. "मालक, दिव्याचं बटण कुठे बसवलंय तुमच्या घरात?"

"हळू बोल."

"तिनं माझ्या पडद्यांचं कौतुक केलं, किसून. माझ्या पडद्यांचं. मी थँक यू म्हटलं. उद्या ती विचारेल हे शिवले कुठे."

तो म्हणाला की आता सांगितलं तर जास्तच वाईट दिसेल. ती म्हणाली ते आता रोज जास्तच वाईट दिसत जाणार. मग कूस बदलून तिने त्याच्याकडे पाठ केली.

शनिवारी मिस युलिन नवऱ्याला घेऊन आली. उंच, एकेकाळी दणकट असणार असा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, पायात रबरी चपला. तिने त्याला बदामाखाली खुर्चीवर बसवलं, मांडीवर रेडिओ ठेवला. सकाळभर तो तिथेच होता आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. रोशनी आणि एड्रियन पोहत होते. डॉक्टर आणि किसून व्हरांड्यात बसून लग्नाबद्दल बोलत होते, आणि बोलणं चांगलं चाललं होतं. लग्न हिंदू पद्धतीने कूवाला होईल, मग त्यांच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये आशीर्वाद, असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले. किसूनला वाटलं, हे इतकं सोपं जातंय ते या घरामुळे. त्याच दगडी भिंतीला पाठ टेकून तो बसला होता.

दुपारच्या जेवणानंतर मार्जरी बैठकीच्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. घाबरलेली नव्हती, पण चेहरा ओढलेला होता. आत कुणीतरी माणूस बसलाय, ती म्हणाली.

सगळे आत गेले. समुद्राकडे तोंड केलेल्या मोठ्या खुर्चीत अल्फर्ड बसला होता. मागच्या दाराने कधी आत आला कुणास ठाऊक. चपलांची ओली माती पांढऱ्या गालिच्यावर उमटली होती. रेडिओ मांडीवर तसाच होता, त्यावर चर्चचं गाणं चालू होतं. इतक्या लोकांना बघून तो अर्ध्या तोंडाने हसला.

"हा कोण?" मार्जरीने विचारलं. मग किसूनकडे वळून, अगदी मृदूपणे, जसं एखाद्या घरमालकाला विचारावं तसं म्हणाली, "तुम्ही हे चालू देता?"

एवढ्यात मिस युलिन हात पुसत दारात आली. सगळे किसूनकडे बघत होते. त्याने काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. बिचारे आजारी आहेत, मीच बसायला सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं, आणि ते खरंही होतं. पण मार्जरीच्या प्रश्नात त्याला त्या नाजूक कपांची आठवण झाली, आणि खरा घरमालक काय करेल ते त्याने केलं, किंवा खरा घरमालक काय करत असेल असं त्याला वाटत होतं ते.

"मिस युलिन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "हे माझं घर आहे, धर्मशाळा नाही. तुमच्या घरचं लटांबर इथे आणून बसवायला मी तुम्हाला पगार देतो का?"

त्याच वेळी अल्फर्ड धडपडत खुर्चीतून उठला. कुणी मोठ्याने बोलतंय म्हणजे पाहुणे आले, इतकंच बहुधा त्याला कळलं असावं. डावा हात पुढे करून, जीभ जड असली तरी नीट, तो किसूनला म्हणाला, "गुड आफ्टरनून, सर."

किसूनने हात धरला नाही. तो त्या हाताकडे बघत राहिला आणि मग मिस युलिनकडे बघून म्हणाला, "घेऊन जा यांना."

मिस युलिनने त्याच्याकडे पाहिलं. किसूनला पुढे कितीतरी दिवस ती नजर आठवत राहिली, कारण तिच्यात राग नव्हता. एका वाक्याने ती त्याला तिथल्या तिथे उघडा पाडू शकली असती. ती म्हणाली, "बरोबर आहे, मिस्टर गोबिन. चूक माझीच." नवऱ्याचा पुढे आलेला हात तिने आपल्या हातात घेतला, रेडिओ बंद केला आणि त्याला मागच्या दाराने घेऊन गेली. मग परत येऊन, गुडघे टेकून, तिने गालिच्यावरची माती पुसली. रोशनी तिच्या शेजारी बसून पुसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "नको बेटा, तू ऊठ."

रोशनी उठली आणि बापाकडे न बघता समुद्राकडे चालती झाली. एड्रियन तिच्या मागे गेला.

त्या रात्री मिस युलिनने खेकडे आणि डंपलिंग, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, केले होते. तिने नेहमीसारखं वाढलं, कुणाला काय हवं नको ते पाहिलं. अल्फर्डला तिच्या ओळखीचा एक टॅक्सीवाला येऊन घरी घेऊन गेला होता. डॉक्टर हवामानाबद्दल बोलले.

ईस्टरच्या सकाळी डॉक्टर एकटेच व्हरांड्यात उभे होते. किसून बाहेर आला तसे ते म्हणाले, जरा खाली वाळूवर चालून येऊ. दोघं खाली उतरले. मासेमारांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, पेलिकन पक्षी खांबांवर बसले होते.

"गोबिन," डॉक्टर म्हणाले, "घर तुमचं नाही हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं. स्वतःच्या घरात ओपनर शोधायला कुणी तीन खण उघडत नाही."

किसून थांबला.

"मार्जरी म्हणाली, बोलू नका, त्यांना अवघड वाटेल. मलाही वाटलं, यात कुणाचं काय जातंय. खरं सांगायचं तर आम्हाला थोडी गंमतही वाटत होती. तुम्ही गवंड्यांच्या गोष्टी सांगत होतात आणि आम्ही खोलीत जाऊन हसत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काल मार्जरीने तुम्हाला विचारलं, तुम्ही हे चालू देता का, तेव्हा तिला माहीत होतं की चालू द्यायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. तरी तिने विचारलं. का विचारलं ते तिलाही सांगता येत नाही. ती रात्रभर झोपली नाही."

किसूनला त्यांचा राग यायला हवा होता. हसत होते हे ऐकून तर नक्कीच. पण राग आला नाही. ज्यांच्यासाठी तो त्या बाईला तसं बोलला, त्यांच्यासाठी ते बोलणं गरजेचंच नव्हतं. ते तर आधीपासूनच सगळं ओळखून होते. म्हणजे फसलं कुणीच नव्हतं. दुखावली होती ती तेवढी मिस युलिन, आणि हात पुढे करून उभा असलेला तिचा नवरा.

तो म्हणाला, "मी जाऊन येतो." डॉक्टर म्हणाले, आम्हीही येतो. किसून म्हणाला, नको. मला एकट्याला जाऊ द्या.

मिस युलिनचं घर त्याला ठाऊक नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानात विचारलं तर दुकानदारीण म्हणाली, ईस्टरला ती घरी कशी असेल, चर्चमध्ये असेल. किसून चर्चच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. आत गाणं चाललं होतं. दारं उघडी होती, आणि पांढऱ्या कपड्यांतली, टोपी घातलेली सगळी माणसं त्याला मागून दिसत होती. अर्ध्या चड्डीत आणि वाळूने भरलेल्या चपलांत उभा असलेला तोही येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसत होता. एका बाईने विचारलं, कुणाला शोधताय? त्याने नाव सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, तुम्ही त्या घरातले." त्याला वाटलं, हिला सगळं कळलेलं आहे. बहुधा काहीच कळलेलं नव्हतं.

मिस युलिन नवऱ्याच्या काखेत हात घालून बाहेर आली. तिची टोपी जांभळी होती. किसूनला बघून ती थांबली, आणि त्याने तिची माफी मागितली. त्याने वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून एवढंच आलं, की काल मी जे बोललो ते बोलायला नको होतं, तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी तुमची घालवली.

ती शांतपणे ऐकत होती. लोक बाजूने जात होते, तिला 'हॅपी ईस्टर' म्हणत होते, ती त्यांना उत्तर देत होती.

"मला बोललात त्याचं मी काही धरत नाही," ती म्हणाली. "त्या घरात आजवर कितीतरी लोक राहून गेलेत, त्यांच्यापेक्षा तुम्ही काही फार वाईट नाही. पण तुम्ही त्याला बसू द्या म्हणालात म्हणून मी त्याला आणलं. तुम्ही हसलात माझ्याबरोबर. म्हणून मला वाटलं, हा माणूस ठीक आहे."

"यांची माफी मागतो," किसून म्हणाला आणि अल्फर्डकडे वळला.

"मागा. पण त्याला कालचं आठवत नाही. त्याला काहीच आठवत नाही, मिस्टर गोबिन. ते आता तुमच्यापाशीच राहणार."

अल्फर्ड त्याच्याकडे एखाद्या अनोळखी, बऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होता. त्याने विचारलं, आज बोट चालू आहे का? किसून म्हणाला, आहे. अल्फर्डने मान डोलावली, जणू त्याला तेवढंच हवं होतं.

किसून म्हणाला, आज तुम्ही येऊ नका, स्वयंपाक आम्ही करू. त्यावर मिस युलिनचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "आणि मालकीणबाईंनी विचारलं का गेली नाहीस, तर काय सांगू? माझं काम आहे ते. मी माझ्या वेळेला येईन."

ती आली. अल्फर्डही आला, कारण किसून स्वतः गाडी घेऊन दोघांना आणायला गेला होता. दुलारीने खुर्ची व्हरांड्यात मांडली. जेवायच्या आधी किसूनने सगळ्यांसमोर सांगितलं की हे घर भाड्याचं आहे आणि काल तो मिस युलिनला जे बोलला तो त्याचा नीचपणा होता. ते ऐकून कुणालाही बरं वाटलं नाही. मार्जरी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत मिस युलिनशी काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिच्यामागून आलेली मिस युलिन नेहमीसारखा भात वाढायला लागली. अल्फर्डने बदकाची करी दोनदा मागून घेतली. एवढी एकच गोष्ट त्या जेवणात नीट झाली.

संध्याकाळी रोशनी बापाजवळ येऊन बसली. ती म्हणाली की तिला भीती वाटली होती, एड्रियनला वाटेल आपल्या घरात माणसांशी असंच बोलतात.

"मग त्याला काय वाटलं?"

"तो म्हणाला, माझ्या आईने विचारलंच कशाला." मग ती म्हणाली, "पण पप्पा, तू तसं कधीच कुणाशी बोलत नाहीस. दुकानातल्या पोरांशीसुद्धा नाही. ते कुठून आलं?"

त्यालाही तेच विचारायचं होतं.

लग्न पावसाळ्याआधी कूवाला झालं. सीनाथ आणि गोबिन यांच्यात तेव्हापासून एक वेगळंच नातं आहे. एकमेकांची लाजिरवाणी गोष्ट ठाऊक असलेली माणसं जशी जपून वागतात, तसं. डॉक्टर आता दुकानात येऊन बसतात, सिमेंटबद्दल विचारतात, आणि किसूनला ते खरंच ऐकायचं असतं का हे आता तो तपासत बसत नाही.

लग्नाआधी किसून एकटाच बोटीने टोबॅगोला गेला होता, मिस युलिनला आमंत्रण द्यायला. तिने त्याला अंगणात बसवलं, आंबट चिंचेचं सरबत दिलं. अल्फर्ड खाटेवर झोपला होता. तिने आमंत्रण दोन्ही हातांनी घेतलं, मुलीला आशीर्वाद दिला, आणि सरळ सांगितलं की ती येणार नाही. नवऱ्याला सोडून कुठे जाता येत नाही. तो नुसताच बहाणा होता की नाही ते किसूनला कळलं नाही आणि विचारायचा त्याला हक्क वाटला नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीने हाक मारली, कोण आलंय म्हणून.

"मिस्टर गोबिन," मिस युलिनने तिला सांगितलं. "ईस्टरला वरच्या घरात भाड्याने राहिले होते."

वाक्य साधं होतं, अगदी खरं होतं, आणि तिने ते कुणालाही सांगावं तसं सांगितलं होतं. किसूनने सरबताचा पेला खाली ठेवला आणि शेजारणीला मान लववून नमस्कार केला. त्याचे कान अजून तापलेलेच होते.